बरणीतलं हिरवं पाणी

जेठ महिना लागला आणि बाळकृष्णाच्या व्हॅनने पाणी फेकायला सुरुवात केली. आठवड्यात तिसऱ्यांदा ती फैजाबाद रोडवर उकळली, तेव्हा मागे अडीचशे सुरया आणि चार पोती कुल्हडं होती, आणि लूचं गरम वारं असं वाहत होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. या व्हॅनचं इंजिन दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. ते झाकण उचललं की आधी वाफ तोंडावर यायची आणि मग काय बिघडलंय ते कळायचं. बाळकृष्णाने गोणपाट दुमडून रेडिएटरच्या बुचावर टाकलं, अंदाज घेत अर्धा आटा फिरवला, आणि गढूळ तांबडं पाणी फसकन उडून त्याच्या मनगटावर आलं. तो ओरडला नाही. रस्त्याच्या कडेला बसून मनगटाला थुंकी लावत त्याने पाऊण तास इंजिन निवण्याची वाट पाहिली.

घरी आला तेव्हा अप्पा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. पंढरीनाथ अप्पा म्हणजे त्याचे वडील. सोलापुराकडून ऐन जवानीत लखनौला आले, आलमबागेत रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते, आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून इथे चिनहटच्या कुंभारवाड्याला लागून दोन खोल्या बांधून राहिले. वय एकाहत्तर. कपाळावर मारुतीचा शेंदूर, हाताची बोटं जाड आणि वाकडी. इंजिन गावात कुठेही चालू झालं तरी इथे बसून त्याचं दुखणं सांगणारा माणूस.

"पुन्ना उकळली?" त्यांनी विचारलं.

"हां. फाटकाच्या अलीकडे."

"हातपंपाचं पाणी घालतोस की. खार धरलाय आतनं. माणसाला मुतखडा होतो तसं झालंय तिला."

बाळकृष्णाला हे ठाऊक होतं. ठाऊक असून उपाय सापडत नव्हता. उन्हाळ्याच्या या चार महिन्यांवर घर चालायचं. रामआसरे आणि आणखी चार कुंभार आपला माल त्याच्या गाडीने आलमबागेच्या बाजारात पाठवायचे, आणि सुरई काय, माठ काय, विकायचा तो जेठातच. पलीकडच्या वस्तीतला एक ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला महिनाभर कुंभारांच्या भट्ट्यांभोवती घुटमळत होता. ट्रॉलीत माल फुटतो म्हणून कुंभार अजून त्याच्याकडे गेले नव्हते. पण माल वेळेवर पोचलाच नाही, तर फुटलेला परवडला म्हणतील, आणि एकदा गेलेले कुंभार परत येत नाहीत.

आलमबागेतल्या मुन्ने मिस्त्रीने रेडिएटरमध्ये बोट घालून चाटून बघितलं आणि सांगितलं, "भैया, सफेद तेल डाल दो पानी में. खराद वाला. जंग रुक जाएगी." लेथवर ओततात ते पांढरं तेल पाण्यात घातलं की गंज थांबतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या शेजारच्या दुकानदाराने कूलंटचे दोन डबे पुढे ठेवले. एकावर हिरव्या पाण्याचं चित्र होतं आणि दुसरा बिनचित्राचा, स्वस्त. विलायती गाड्यांत घालतात म्हणाला. बाळकृष्णाला दोघांचंही पटेना. गाडी जुनी, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आता काहीतरी भलतं घालून तोच गळायला लागला तर काय करायचं?

शेवटी तो विकासनगरला चारुलताकडे गेला. चारुलता मूळची त्यांच्याच बाजूची, औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ. अप्पांना काका म्हणायची, आणि बाळकृष्णाला बाळूदादा. लखनौत मराठी माणसं मोजकीच, त्यामुळे गणपतीच्या पाच दिवसांत नातं नसलं तरी लागतं.

तिने नीट ऐकून घेतलं. "हिरवंच घे, चित्र असलेलं. बिनचित्राच्यात काय आहे कुणास ठाऊक. निम्मं ते आणि निम्मं पाणी. पण हातपंपाचं नाही हं, बॅटरीत घालतात ते. आधी आतला खार धुण्याच्या सोड्याने धुऊन काढ. मग उकळायची नाही, आणि गंजायचीही नाही."

"बस? इतनाच?"

"अजून एक. ते गोड असतं, बाळूदादा. विष आहे आणि गोड आहे. उघडं ठेवलंस तर कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकून ठेवायचं. नीट बांधून."

बाळकृष्ण ऐकणारा माणूस. सांगितलेलं विसरत नाही, ही त्याची लहानपणापासूनची ख्याती. पुढे जे झालं ते त्याने हेच शब्दशः पाळलं म्हणून झालं, आणि ते आठवलं की आजही त्याला बसल्या जागी घाम फुटतो.

सोमवारी सकाळपासून बापलेक कामाला लागले. सोड्याचं पाणी भरून इंजिन दहा मिनिटं चालवलं, निवू दिलं, खालची तोटी सोडली. विटकरीच्या रंगाचा चिखल बाहेर आला. दुसऱ्यांदा चहासारखं पाणी आलं. तिसऱ्यांदा पिवळट, पाचव्यांदा स्वच्छ. अप्पा बाजेवरून उठून गाडीशी येऊन उकिडवे बसले होते आणि प्रत्येक खेपेचं पाणी बोटांत चोळून बघत होते.

"आता घाल."

"मिक्स कशात करू? बादलीला गंज आहे."

"लोखंड नकोच. चिनी बरणी घे की."

चिनहटला बरण्यांना तोटा नाही. आतून-बाहेरून चकचकीत झिलई दिलेल्या बरण्या इथेच भाजतात. विनयाने, म्हणजे बाळकृष्णाच्या बायकोने, लोणच्यासाठी आणलेली एक मोठी बरणी कुरकुरत काढून दिली. "परत लोणच्याला चालायची नाही ती," ती म्हणाली. बार्शीची असल्यामुळे ती जे खरं ते लगेच बोलून टाकायची.

बाळकृष्णाने चार लिटर हिरवं ओतलं, वर चार लिटर बॅटरीचं पाणी, आणि लिंबाच्या काठीने ढवळलं. सुरेख रंग आला. पाणी मुरू द्यावं, बुडबुडे जाऊ द्यावेत, थंड इंजिनात थंडच घालावं, हा अप्पांचा कारखान्यातला नियम. म्हणून बरणी रात्रभर ओल्या पोत्यात ठेवली. आणि बरणीच्या तोंडाची कड फुटकी होती, झाकण बसत नव्हतं, म्हणून बाळकृष्णाने बरणीच्या तोंडावर धुतलेलं पांढरं फडकं टाकून सुतळीने घट्ट बांधलं. चारुलता म्हणाली होती, नीट बांधून.

मंगळवार उजाडला. जेठातला पहिला मंगळवार, लखनौचा बडा मंगल, मारुतीचा सण. त्या दिवशी या शहरात कुणी तहानलेला राहत नाही. दर दोनशे पावलांवर मांडव, मांडवात शरबत, पुरी, आलूची सब्जी, गुळधानी. जो जाईल त्याला हात धरून पाजतात. चिनहटच्या चौकातला मांडव जयसिंगचा असायचा. जयसिंग म्हणजे सरकारी ठेक्यावरचा दारूविक्या. वर्षभर बाटल्या विकायचा आणि या दिवशी ठेक्याला कुलूप लावून, अनवाणी, गळ्यात लाल गमछा घालून शरबत वाटायचा. त्याच्या मांडवात घराघरातून काही ना काही यायचं. कुणी साखर आणे, कुणी तयार शरबताची मडकी फडकं बांधून ठेवून जाई. कुणी दिलं ते विचारायचं नाही, हा तिथला रिवाज. नाव सांगून केलेली सेवा बजरंगबलीला पोचत नाही म्हणत.

पिण्याची कुल्हडं रामआसरेच्या भट्टीतली, आणि ती पोचवायचं काम बाळकृष्णाचं. त्याने पहाटेच रेडिएटर नव्या पाण्याने भरलं. पाच लिटर बसलं, तीन बरणीत उरलं.

"बरणी संगं घे," अप्पा म्हणाले. "जरा चालली की आतली हवा निघंल आन पाणी दोन बोटं उतरंल. वरनं तेच घालायचं. साधं पाणी घातलंस तर केलेलं सगळं वाया."

बरणी फुटू नये म्हणून त्याने ती मागे पेंढ्यात, कुल्हडांच्या पोत्यांमधे रुतवून ठेवली. फडकं परत बांधलं. अप्पाही पुढे येऊन बसले. त्यांचा मंगळवारचा उपास. पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मांडवात दरसाल पहिलं कुल्हड सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला देत, आणि गेली चार वर्षं तो मान अप्पांचा होता. ते बोलून दाखवत नसत, पण धोतर धुतलेलं नेसत.

गाडी चौकापर्यंत सुरेख गेली. काटा मधल्या रेघेच्या वर चढला नाही. बाळकृष्णाचं मन इतकं हलकं झालं की त्याला गुणगुणावंसं वाटलं. अप्पा उतरून मांडवाकडे गेले. मांडवातली पोरं मागचं दार उघडून माल उतरवायला लागली. बाळकृष्णाने इंजिन बंद केलं, झाकण उचललं आणि आत वाकून इंजिन निवायची वाट बघत, मनगटाच्या भाजलेल्या कातडीवर फुंकर मारत बसला. लाऊडस्पीकरवर चालीसा लागला होता. वीसेक मिनिटांनी त्याने गोणपाट टाकून बूच उघडलं. पाणी दोन बोटं उतरलं होतं. अगदी अप्पा म्हणाले तेवढंच.

तो बरणी घ्यायला मागे गेला.

मागे काही नव्हतं. पोती नव्हती. पेंढ्यात बरणीच्या बुडाएवढा गोल खळगा होता, अजून ओला.

बाळकृष्णाने त्या खळग्याकडे पाहिलं आणि त्याला काही कळलं नाही. म्हणजे डोळ्यांना कळलं होतं. डोकं तयार नव्हतं. मग त्याने मान वळवली. मांडवात लांब टेबलावर पाच-सहा मडकी आणि त्यांच्या मधे त्याची बरणी. फडकं सोडलेलं, आत बर्फाचा खडा, कडेला पळी. थाळीत अकरा कुल्हडं हिरवीगार भरून रांगेने मांडलेली. सगळे हात जोडून उभे, आणि मारुतीच्या तसबिरीपुढच्या खुर्चीवर अप्पा. कुल्हड तोंडाला लावलेलं, मान मागे टाकलेली, गळ्याची घाटी वर-खाली होत होती.

तो कसा पळाला ते त्याला आठवत नाही. त्याने थाळी उलथली, कुल्हडं फुटली, बरणीला लाथ घातली. कुणीतरी त्याला मागून मिठी घालून धरलं.

"पागल हो गए हो का, भैया?" जयसिंग ओरडला. "परसाद है."

"किसने पिया? और किसने पिया?"

"अभी किसी ने नहीं. पहले बाबूजी को दिया. दो कुल्हड़."

"दोन?" बाळकृष्णाचा आवाज फाटला. "अप्पा, दोन प्यायलात?"

अप्पा मिशी पुसत होते. "ग्वाड हाय," ते म्हणाले. "आन गार. म्हणून आजून मागून घेतलं. केवडा न्हाई घातला फकस्त."

मग त्यांनी जमिनीवर सांडलेल्या हिरव्या पाण्याकडे बघितलं. बरणीच्या खापराकडे बघितलं. ती फुटकी कड त्यांनी ओळखली. पस्तीस वर्षांचा फिटर तो. हातातलं रिकामं कुल्हड त्यांनी हळूच खुर्चीखाली ठेवलं, जणू ते दुसऱ्याचं होतं.

पेट्रोल पंपावर फोन होता. चारुलता कामावर होती, तिला बोलावून आणेपर्यंत चार मिनिटं गेली. सगळं ऐकून तिने आधी वेळ विचारली.

"किती वेळ झाला?"

"पंधरा मिनट. अप्पा तर बरे आहेत चारू, बसलेत, बोलतायत..."

"आत्ता बरेच दिसणार. ते पोटात जाऊन पुढे ॲसिड बनतं, मूत्रपिंडं बंद पाडतं. दादा, ऐक. दारू पाज. चांगली, सीलबंद, विदेशी. अर्धा ग्लास, आत्ता तिथेच. शरीर आधी दारू पचवत बसतं, तेवढा वेळ ते विष पडून राहतं. पाजून लगेच मोठ्या हॉस्पिटलला आण, मी डॉक्टरांना सांगून ठेवते. पाजल्याशिवाय निघू नकोस, इतक्या लांबचा रस्ता आहे."

"चारू, अप्पा दारू..."

"माहीत आहे मला. पाज."

तिला माहीत होतं ते एवढंच, की काका घेत नाहीत. तिला बाकीचं माहीत नव्हतं.

बाकीचं असं होतं. आलमबागेच्या क्वार्टरमध्ये बाळकृष्ण बारा वर्षांचा असेपर्यंत अप्पा रोज प्यायचे. पिऊन आले की पट्टा काढायचे, पट्टा नसला तर हात. बाळकृष्ण दाराच्या आवाजावरून ओळखायचा आणि कोपर तोंडावर घेऊन खाटेखाली सरकायचा. एकदा आईचं मनगट मोडलं. त्यानंतरच्या मंगळवारी अप्पा पोराला हाताला धरून मारुतीच्या देवळात घेऊन गेले, मूर्तीपुढे उभं केलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता थेंब जरी घेतला, तर ह्यो माझा पोरगा मरंल." बारा वर्षांच्या पोराला तो हात फार जड लागला होता. त्याला तीस वर्षं झाली. अप्पांनी खोकल्याचं औषधसुद्धा वास घेतल्याशिवाय घेतलं नव्हतं.

जयसिंगला सांगितल्यावर तो आधी बावळटासारखा बघत राहिला. मग अनवाणीच ठेक्याकडे पळाला. बडा मंगलच्या दिवशी त्याने बापजन्मात कुलूप काढलं नव्हतं. ते काढलं. लाल गमछ्यात गुंडाळून बाटली आणली आणि दोन्ही हातांनी, देवाला फूल द्यावं तशी पुढे केली. तोवर विनयाही धावत आली होती. लोक अंतर ठेवून उभे होते. कुणी चालीसा बंद केला.

"अप्पा," बाळकृष्ण त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला. "हे घ्यावं लागेल. औषध म्हणून."

अप्पांनी बाटलीकडे बघितलं नाही. "न्हाई."

"चारूनं सांगितलंय. नाहीतर..."

"कळलं. मरायचं तर मरू दे की. एकाहत्तर झाली."

"अप्पा, चुकी माझी आहे. मी ठेवली बरणी. माझ्या हातनं तुम्ही..."

"बाळू." ते खालच्या आवाजात, फक्त त्याला ऐकू जाईल असं बोलले. "माझं न्हाई रं. शपत कुणाच्या डोक्यावर हाय? मी प्यालो तर तू मरशील."

बाळकृष्णाला आता कळलं. हा माणूस मरायला बसला होता, ते आपल्यासाठी. त्याला म्हाताऱ्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की दोन्ही कशात मावेनात. त्याने अप्पांचा हात धरला आणि ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"डोकं माझं आहे ना? मग शपथ मी सोडवतो. ह्या मारुतीसमोर. झाली, सुटली. आता प्या."

अप्पांच्या ओठांचा कोपरा हलला.

"खरंच सोडवलीस?"

"सोडवली."

विनयाने ग्लास पुढे केला. ग्लास घेईपर्यंत अप्पांचा हात थरथरत होता. वास नाकात गेला आणि हात थांबला. त्यांनी ग्लास ओठाला लावला, एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं न करता मनगटाने ओठ पुसला. मधे तीस वर्षं गेली असं कुणी म्हटलं नसतं. विनयाने सासऱ्याला असं कधी बघितलं नव्हतं. ती एक पाऊल मागे सरकली.

बाळकृष्णाने पाणी उतरलेल्या रेडिएटरचं बूच तसंच लावलं आणि गाडी सोडली. अकरा-बारा किलोमीटर, बाराचं ऊन, रस्ताभर मांडव, मांडवात गर्दी. गाडी थांबवून लोक खिडकीतून शरबत पुढे करत होते. तो हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता, आणि मागे अप्पा विनयाच्या खांद्यावर मान टाकून बसले होते. या एवढ्या वाटेत त्याची नजर काट्यावर एकदाच गेली. काटा मधल्या रेघेवर होता. आठवडाभर ज्या गाडीने त्याला रडवलं होतं ती एकदाही तापली नाही. त्याला हंबरडा फोडावासा वाटला.

हॉस्पिटलात डॉक्टर तयार होते. विषारी दारूचे रोगी बघून बघून त्यांना हा उपाय सवयीचा होता. त्यांनी पोट धुतलं, सलाइन लावलं, आणि बाळकृष्णाच्या हातात मापाचा ग्लास दिला. "घंटे-घंटे पे इतना. तीन दिन. नशा उतरने नहीं देना है."

"तीन दिवस?"

"उतरा तो गए."

पहिल्या दिवशी अप्पा झोपेत-जागेत होते. दुसऱ्या दिवशी वॉर्डला कळलं की कपाळावर शेंदूर लावलेला हा बाबा सरकारी हुकमाने दारू पितोय. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बघायला यायचे. वॉर्डबॉय म्हणाला, "बाबूजी की दवा तो हमें भी लिख दो," आणि सगळे हसले. बाळकृष्णही कसंबसं हसला. बाटली उशाशी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती, आणि तो तासातासाला माप भरत होता. त्याच्या बोटांना तोच वास लागला, क्वार्टरमधल्या दाराचा वास. हात धुऊन तो जाईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी माप पुढे केलं तेव्हा अप्पांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांना बाळकृष्णाने तीस वर्षांनी ओळखलं.

"कुणाला इचारून हात लावलास बाटलीला?"

"अप्पा, मी बाळू. औषध आहे."

"बाळ्या, तुझ्या आईनं शिकीवलंय तुला. बोलाव तिला. दार का लावलंय? बोलाव म्हणतो ना रांडंला."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. वॉर्डात कुणाला मराठी कळत नव्हतं, तेवढीच देवाची दया. बाळकृष्णाने माप त्यांच्या तोंडाशी नेलं, कारण तास भरला होता. अप्पांनी उशाचा पितळी पेला उचलला आणि जीव खाऊन त्याच्या तोंडावर मारला.

ओठ आतून दाताने फाटला. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. विनया दारात थाळी घेऊन उभी होती, तिच्या हातून ती पडली. बेचाळीस वर्षांचा, व्हॅन चालवणारा, पाच कुंभारांचा माल अंगावर घेणारा बाळकृष्ण कोपर तोंडावर घेऊन खाटेच्या पायाशी दडला होता. दडलोय हे त्याला विनयाने खांद्याला हात लावल्यावर कळलं.

तो उठला. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं, माप पुन्हा भरलं. अप्पांचे दोन्ही हात एका हाताने दाबून धरले आणि पाजलं. पुढच्या तासालाही पाजलं. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या दिवशी लघवी मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, बच गए. चौथ्या दिवशी माप बंद झालं, आणि शनिवारी त्याने अप्पांना त्याच व्हॅनमधून घरी आणलं.

रविवारी सकाळी रामआसरे येऊन बसून गेला. ट्रॉलीवाल्याने त्याच्या चाळीस सुरया फोडल्या होत्या. कल से तुम ही ले जाओ, म्हणाला. तो गेल्यावर अप्पा लिंबाखाली बाजेवर बसून राहिले. चेहरा उतरला होता, पण डोळे त्यांचे होते. बाळकृष्ण समोर जमिनीवर बसून नवीन फनेलच्या तोंडाला जाळी बसवत होता.

"बाळू," अप्पा म्हणाले. "तिथं दवाखान्यात... मी काय केलं?"

"काही नाही. झोपला होतात."

"तीन दिस?"

"हां. तीन दिवस. बोललातसुद्धा नाही फार."

अप्पांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "ओठाला काय लागलंय?"

"इंजिनाचं झाकण. उचलताना सटकलं."

अप्पांनी उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. "ते झाकण मागं उघडतं," ते सावकाश म्हणाले. "सटकलं तर बोटावर येतंय. तोंडाला कसं लागंल?"

बाळकृष्णाने जाळीतून मान वर केली नाही. विनया चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"इकडं ये," अप्पा म्हणाले. "शपत तू सोडवलीस. आता परत घेतो. जवळ ये असा."

बाळकृष्ण गुडघ्यावर सरकत बाजेशी आला. अप्पांनी त्याच्या डोक्यावर ठेवायला उजवा हात उचलला.

आणि बाळकृष्णाची मान आपोआप आत गेली. कोपर वर येऊन तोंडावर बसलं. डोळे मिटले गेले. क्षणभरच. लगेच त्याने हात खाली घेतला, मोठ्याने हसला आणि म्हणाला, "माशी आली."

अप्पांचा हात हवेत तसाच होता. वाकड्या बोटांचा, जाड. त्यांनी त्या हाताकडे असं बघितलं, जणू हा कुणाचा आणि इथे कसा आला. तो त्यांनी डोक्यावर ठेवला नाही. खाली घेतला, बाजेवर पालथा ठेवला आणि त्याच्यावर मांडी टाकून बसले.

"गाडीतलं पाणी बघितलंस?"

"बघितलं. उतरलं नाही अजून."

"बघत जा."

विनयाने चहा पुढे केला. तो त्यांनी डाव्या हाताने घेतला, आणि उजव्या हातावरची मांडी चहा संपेपर्यंत काढली नाही.